परदादांची तलवार

सोपाऱ्याचे आमचे जुने कौलारू घर पाडून तिथे इमारत उभी राहणार होती. पावसाळ्याआधी घर रिकामे करून द्यायचे ठरले होते, म्हणून २०२५ च्या मे महिन्यात एका रविवारी आम्ही सगळी भावंडे माळा आवरायला जमलो. तांब्याचे हंडे निघाले, अब्बांचा सायकलचा पंप निघाला, आमच्या बहिणीचा पाळणा निघाला. शेवटी अगदी कोपऱ्यात, वाशाला बांधून ठेवलेले एक लांबट गाठोडे दिसले. वरून ताडपत्रीचे प्लास्टिक, आत जुनी चादर, त्यावर सुतळीचे वेढे.

कोणी काही बोलले नाही. खालून अम्मींनी विचारले, "सापडली का?" काय सापडली, हे त्यांनी म्हटले नाही आणि आम्हीही विचारले नाही. तेहतीस वर्षे त्या वस्तूचे नाव आमच्या घरात कोणी घेतले नव्हते.

ती आमच्या परदादांची तलवार होती. आमचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातले. परदादा इंग्रजांच्या फौजेत मराठा पलटणीत शिपाई म्हणून लागले आणि सुभेदार होऊन घरी आले. मराठा पलटणींमध्ये त्या काळी दखनी मुसलमानांच्याही कंपन्या असत, हे आजच्या मुलांना सांगितले तर खरे वाटत नाही. दादा पुढे नोकरीसाठी सोपाऱ्याला आले आणि सामानाबरोबर तलवारही आली. लहानपणी आम्ही ती बैठकीच्या भिंतीवर पाहिली आहे. ईदच्या आदल्या दिवशी ती खाली उतरत असे. दादा पाटावर बसत, विटेची भुकटी आणि चिंचेचा कोळ घेत आणि पाते घासत. चिंध्या धरून ठेवायचे काम आम्हा मुलांचे. "पाहुण्यांना त्यात तोंड दिसले पाहिजे," असे दादा म्हणत. आणि खरोखरच तोंड दिसत असे.

मग १९९२ चा डिसेंबर आला. आम्ही तेव्हा सातवीत होतो. मुंबईहून रोज वाईट बातम्या येत. एका रात्री अब्बांनी तलवार भिंतीवरून काढली, चादरीत गुंडाळली, वर प्लास्टिक बांधले आणि माळ्यावर चढवली. भिंतीवर दोन खिळे आणि एक फिकट पट्टा राहिला. पुढच्या रंगकामात तोही गेला. अब्बांनी आम्हाला एवढेच सांगितले, "कोणी विचारले तर म्हणायचे, विकली."

माळ्यावरून गाठोडे खाली आले तेव्हा चादरीला तांबडे डाग पडलेले होते. आमच्या गावाच्या एका अंगाला खाडी आहे, दुसऱ्या अंगाला मिठागरे. इथे लोखंडाची खिडकी दहा वर्षांत पोखरते. तिथे प्लास्टिकमध्ये कोंडलेल्या लोखंडाचे काय झाले असेल? म्यानाचे चामडे तडकले होते आणि पाते आत अडकून बसले होते.

धाकट्या भावाने मात्र ते डाग पाहिलेच नाहीत. तो म्हणाला, "भाईजान, बातमी वाचली ना? राघोजी भोसल्यांची तलवार!" त्याच आठवड्यांत ती बातमी सगळीकडे होती. नागपूरकर भोसले घराण्याचे पहिले राघोजी यांची तलवार लंडनच्या सदबीज या लिलावघरात २९ एप्रिलला विक्रीला निघाली होती आणि महाराष्ट्र सरकारने ती सुमारे ४७ लाख रुपयांना मिळवली होती. त्याआधी मे २०२३ मध्ये टिपू सुलतानांची तलवार लंडनलाच बॉनहॅम्सच्या लिलावात १ कोटी ४० लाख पौंडांवर गेली होती. भावाच्या मनात लोभ नव्हता. त्याच्या मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यायचा होता आणि फीचा आकडा त्याला रात्री झोपू देत नव्हता. "परदादांची तलवार पोरीच्या शिक्षणाला लागली, तर याहून चांगले काय?" असे त्याचे म्हणणे. यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

ओळखीतून मुंबईच्या एका पारशी गृहस्थांचे नाव कळले. वय पंचाहत्तरच्या पुढे. चाळीस वर्षे जुन्या लष्करी वस्तूंचा अभ्यास करणारे, पण व्यापारी नव्हेत. आम्ही फोन केला तेव्हा त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती ही, "मास्तर, तलवार घेऊन लोकलमध्ये चढू नका. मीच येतो." आणि खरेच ते विरार लोकलने नालासोपाऱ्याला उतरले, रिक्षाने घरी आले.

त्यांनी पिशवीतून सुती हातमोजे काढले, भिंग काढले आणि आधी तलवारीकडे नुसते पाहत राहिले. घामातल्या खाराने पोलादावर बोटांचे ठसे उमटतात आणि पुढे त्याच ठशांवर गंज चढतो, म्हणून उघड्या हाताने पात्याला शिवायचे नाही, हे आम्हाला त्या दिवशी कळले. म्यानाच्या तोंडात तेलाचे थेंब सोडून, घाई न करता, अर्ध्या तासाने त्यांनी पाते बाहेर काढले. ते खिडकीपाशी धरले आणि विचारले, "घासली कोणी?"

आम्ही अभिमानाने दादांची ईदची गोष्ट सांगितली. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "फार प्रेमाने घासली आहे. म्हणूनच सगळे गेले."

त्यानंतर दोन तास त्यांनी आम्हाला शिकवले आणि आम्ही विद्यार्थ्यांसारखे ऐकले. तलवार सरळ का, हा आमच्या मुलीचा पहिला प्रश्न. तिने चित्रांत वाकड्या तलवारीच पाहिल्या होत्या. ते म्हणाले, ही इंग्रजी पायदळातल्या अधिकाऱ्याची, १८९७ साली ठरवून दिलेल्या नमुन्याची तलवार. पाते साडेबत्तीस इंच, सरळ आणि अरुंद, कापण्यासाठी नव्हे तर भोसकण्यासाठी. इंग्लंडच्या पायदळाचे अधिकारी संचलनात आजही याच नमुन्याची तलवार धरतात. मुठीला माशाचे खरखरीत कातडे, आपल्याकडची मुशी किंवा पाकट असते तशा माशाचे, म्हणजे घामाने हात सटकत नाही. त्यावर तारेचे वेढे. हाताच्या रक्षणासाठी पोलादी वाटी आणि तिच्यावर मुकुटाखाली गुंफलेली राजाची अक्षरे. ही अक्षरे पाहिली की काळ कळतो. व्हिक्टोरिया राणीची असतील तर १९०१ पर्यंतची, सातव्या एडवर्डची असतील तर १९१० पर्यंतची, पाचव्या जॉर्जची असतील तर १९१० ते १९३६ मधली. आमच्या तलवारीवर पाचवा जॉर्ज होता.

इथे आमच्या एका चुलत चाचांचा चेहरा उतरला. ते आयुष्यभर सांगत आले होते की ही तलवार वसईच्या किल्ल्यातली, १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला तेव्हा फिरंग्यांकडून हाती आलेली. गृहस्थांनी त्यांना दुखावले नाही. म्हणाले, "तुमची गोष्ट या तलवारीची नाही, पण या गावाची नक्की आहे." पोर्तुगीज वसईत १५३४ पासून दोनशे वर्षे होते. या किनाऱ्यावरच्या बंदरांतून युरोपात घडवलेली पाती देशात येत. इथले कारागीर त्यांना आपल्याकडची मूठ बसवत. त्या सरळ, लांब तलवारीलाच मराठीत फिरंग म्हणू लागले. राघोजी भोसल्यांची तलवार याच जातीची आहे. पाते युरोपातले, मूठ आपल्याकडची, आणि पात्याच्या पाठीवर सोन्याच्या पाण्याने देवनागरीत त्यांचे नाव आणि सेनासाहेब सुभा हा हुद्दा.

"म्हणजे नाव आहे म्हणून किंमत?" भावाने विचारले.

"नाव आहे आणि ते पुसलेले नाही म्हणून," ते म्हणाले. टिपूंच्या तलवारीचेही तसेच. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले, सुलतान लढताना शहीद झाले, आणि त्यांच्या खासगी दालनातली ती तलवार इंग्रज सेनापती डेव्हिड बेअर्ड यांना देण्यात आली. तेव्हापासून ती कोणाकडून कोणाकडे गेली याचा माग लागतो. पारखी माणूस दोनच गोष्टी विचारतो. ही कोणाची, आणि हिला नंतर कोणी हात लावला?

मग त्यांनी भिंग आमच्या हाती दिले आणि मुठीपासून चार बोटांवर पाते दाखवले. तिथे तेजाबाने कोरलेल्या वेलबुट्टीचा अगदी पुसट मागमूस होता, पाण्यावरच्या सावलीसारखा. एका बाजूला वेलबुट्टी थांबून एक लहानशी मोकळी चौकट दिसत होती. ते म्हणाले, तलवार बनवून घेणारे अधिकारी अशा जागी आपल्या नावाची आद्याक्षरे कोरून घेत. इथेही काही असावे. आम्ही सगळ्यांनी आळीपाळीने पाहिले. कोणाला एक उभी रेघ दिसली, कोणाला तीही दिसली नाही. कोरीव काम कागदाच्या जाडीइतकेही खोल नसते. वर्षातून एकदा विटेची भुकटी, अशी पन्नास-साठ वर्षे. वाटीवरचा निकेलचा मुलामाही त्याच चिंचेने गेला होता.

नाव मिळवायचा दुसरा मार्गही होता. पहिल्या महायुद्धात लढलेल्यांना जे चांदीचे पदक मिळाले, त्याच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण उमटवलेली असे. "पदक आहे?" त्यांनी विचारले. आम्ही अम्मींकडे पाहिले. अम्मी हळूच म्हणाल्या, "फुफीच्या लग्नात पैंजण केले त्याचे." त्या पैंजणांचेही पुढे काय झाले, कोणाला माहीत नाही. चांदी चांदीच्या भावाने गेली. कडेवरचे अक्षर कोणी वाचलेही नव्हते.

राहिला तो एक पत्र्याचा डबा. त्यात वाळवीने खाल्लेले पेन्शनचे पुस्तक होते. त्यात एके ठिकाणी ११० हा आकडा आणि पुढे 'मराठा' एवढेच वाचता येत होते. गृहस्थांचे डोळे पहिल्यांदा चमकले. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी इराकमधल्या कूटच्या वेढ्यात सापडल्या होत्या. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तुर्की फौजेने कूटला घेरले होते. आतले सैनिक उपासमारीने खंगले आणि शेवटी फौज शरण गेली. शरण जाताना इंग्रज सेनापती टाउनशेंड यांनी आपली तलवार पुढे केली, तेव्हा तुर्की सेनापती खलील पाशांनी ती घ्यायला नकार देऊन त्यांच्याकडेच राहू दिली. परदादा तिथे होते की नव्हते हे त्या पुस्तकावरून ठरत नाही. पण अब्बा नेहमी सांगत की परदादा ताटात भाताचे शीतही ठेवत नसत आणि कोणी ठेवले तर उठून जात. आम्ही ती शिस्त समजत होतो. त्या दुपारी पहिल्यांदा वाटले, ती भूक असावी.

"ही तलवार मात्र लढाईत गेलेली नसणार," गृहस्थ म्हणाले. त्या युद्धात तलवार हाती असली की शत्रूला अधिकारी लांबूनच ओळखू येई, म्हणून अधिकारी लवकरच तलवारी मागे ठेवू लागले. धारेवर एकही खाच नाही. ही संचलनाची, अभिमानाची तलवार.

शेवटी भावाने विचारायचे ते विचारले. गृहस्थांनी सरळ सांगितले. या नमुन्याच्या तलवारी पुष्कळ बनल्या. हिची नक्षी गेली, मुलामा गेला, म्यान तडकले, मुठीची तार दोन ठिकाणी तुटली, टोकाकडे गंजाने खड्डे पडले आणि मालकाचे नाव सिद्ध होत नाही. त्यांनी सांगितलेली रक्कम मुलीच्या एका सत्राच्या फीलाही पुरली नसती. भाऊ गप्प झाला. मग त्यानेच पाणी आणून त्यांच्यापुढे ठेवले.

ते गेल्यावर आम्ही बराच वेळ त्या पात्याकडे पाहत बसलो. दोन जखमा दिसत होत्या. नक्षी गेली ती अभिमानामुळे, म्हणजे पाहुण्यांना तोंड दिसावे म्हणून. गंज चढला तो भीतीमुळे, म्हणजे कोणाला दिसू नये म्हणून. एकाने घासून पुसून टाकले, दुसऱ्याने गुंडाळून कुजवले. दादांचा दोष नाही, अब्बांचाही नाही. दोघांनी आपापल्या काळात घरासाठी जे योग्य वाटले ते केले. पण दोघांच्या मध्ये परदादांचे नाव हरवले. आम्ही शाळेत मुलांना सांगतो, चुकलेला शब्द रबराने खोडू नका, एका रेघेने काटा, म्हणजे आधी काय लिहिले होते ते दिसेल. स्वतःच्या घरात मात्र आम्ही रबरच फिरवत आलो.

आता प्रश्न होता की पुढे काय? वसई न्यायालयात वकिली करणाऱ्या आमच्या भाच्याने कायदा समजावला. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या धारदार शस्त्रांचा वेगळा वर्ग आहे. सरकारने अधिसूचना काढलेल्या भागात ती बाळगायला परवाना लागतो. घरकामाच्या सुऱ्या आणि शेतीची अवजारे त्यात येत नाहीत, तलवार येते, मग ती पणजोबांची का असेना. शिवाय १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू परदेशी पाठवता येत नाही, आणि अशा वस्तूंचा धंदा करणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. म्हणजे कोणी घरी येऊन "परदेशात गिऱ्हाईक आहे" म्हणाले, तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

अम्मी म्हणाल्या, "पोलिसात जायचे? कशाला आगीत हात घालता? खाडीत टाकून द्या." त्यांचे भय खोटे नव्हते. मुसलमानाच्या घरात तलवार सापडली, एवढे चार शब्द बाहेर गेले तर मागची सगळी गोष्ट कोण ऐकून घेणार? आम्हालाही त्या रात्री झोप लागली नाही. पण खाडीत टाकणे म्हणजे तिसरी जखम. आणि लपवून ठेवलेली वस्तू आज ना उद्या आमच्या मुलांना सापडणार. तेव्हा गोष्ट सांगायला आम्ही नसू. सापडलेली तलवार वेगळी आणि सांगून ठेवलेली तलवार वेगळी.

भाच्याने अर्ज लिहिला. तलवार घरीच ठेवायची, आधी कागद न्यायचा, असे त्याने बजावले. अर्जाला चार बाजूंचे फोटो, मापे, पेन्शनच्या पुस्तकाची प्रत आणि अम्मींचे सहीचे निवेदन जोडले. अर्ज देताना आमचे हात थरथरत होते हे कबूल करतो. टेबलामागच्या बाईंनी कागद चाळले, दोन प्रश्न विचारले आणि तारखेचा शिक्का मारून पोच दिली. काही दिवसांनी एक हवालदार घरी आले. त्यांनी पट्टीने पाते मोजले, लिहून घेतले आणि जाताना म्हणाले, "ठेवा नीट. गंजायला देऊ नका." अर्ज वर गेला आहे, निकाल यायचा आहे. परवाना मिळाला नाही तर एखाद्या संग्रहालयाला विचारू. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात तर अकबर बादशहाचे चिलखत आणि ढाल आहे. तिथे आमच्या सुभेदाराला जागा मिळेल अशी आशा नाही. पण बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्राला आम्ही पत्र लिहिले आहे. कदाचित एखाद्या नोंदवहीत ते नाव अजून असेल.

पुतणीच्या फीचे सांगायचे राहिले. आम्ही भावंडांनी वाटून घेतली, थोडी भिशी उचलली, थोडे शैक्षणिक कर्ज झाले. परदादांची तलवार कामी आली नाही असे भाऊ आता म्हणत नाही. त्या निमित्ताने सगळी भावंडे एका खोलीत बसली आणि आकडे उघडपणे बोलली. हे आमच्या घरात फारसे घडत नव्हते.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी असे काही ना काही असेल. तलवार नसेल तर पदक, बिल्ला, पितळी बटणे, एखादा फर्मानासारखा कागद. आमच्या चुकीतून आम्ही शिकलो ते सांगतो. घासू नका. वीट, राख, चिंच, लिंबू, सँडपेपर, पितळेची पॉलिश, काहीही नको. तांबडा, भुरभुरणारा गंज जिवंत असतो, तो वाढतो. तो मऊ कापडावर थोडे शिवणयंत्राचे तेल घेऊन हळूहळू टिपा. काळपट, स्थिर डाग राहू द्या, ते वयाचे आहेत. पाते चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडे ओल धरते आणि त्यातली आम्ले लोखंड खातात. म्यान आणि पाते शेजारी शेजारी, सुती कापडात, कोरड्या जागी ठेवा. प्लास्टिक कधीही नाही. शस्त्र असेल तर कायद्याचा सल्ला आधी घ्या. आणि सर्वांत आधी, घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसून त्या वस्तूची गोष्ट लिहून काढा, त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून.

आम्ही ते केले. अम्मी सांगत गेल्या, आमची मुलगी लिहीत गेली, मराठीत. वहीच्या पहिल्या पानावर तिने परदादांचे पूर्ण नाव लिहिले. ते अम्मींना पाठ होते. तेहतीस वर्षांत त्यांना कोणी विचारलेच नव्हते.